मागून पंधरावी

बीडच्या बसस्टँडमागे टायरच्या दुकानावर माझा क्लास आहे. खाली पंक्चर काढतात, वर मी बुद्धिमत्ता शिकवतो. पाटी मोठी आहे आणि तिच्यावर हाताची घडी घातलेला माझा फोटो आहे. तोच फोटो माझ्या पुस्तकाच्या कव्हरवर आहे. पुस्तकाचं नाव 'बुद्धिमत्ता : बद्रीनाथ पद्धत'. बद्रीनाथ म्हणजे मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या पुस्तकाची आणि त्या घडी घातलेल्या हातांची पुढे चांगलीच जिरली. ज्यांनी जिरवली त्या साखराबाई मिसाळ यांच्याविषयी मला सांगायचं आहे.

साखराबाई पहिल्यांदा दारात चपला काढून उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी आई डबा घेऊन आलीय. क्लासमधली पोरं वीस-बावीसची, आणि या चांगल्या अडतीस वर्षांच्या.

"मुलाचं नाव काय?" मी विचारलं.

"मुलगा न्हाई सर, मीच हाय," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढचा बाक हुशारांसाठी राखलेला असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पाटोद्याच्या पलीकडे डोंगरपट्ट्यात त्यांचं गाव. गावात सहकारी दूध संस्था आहे. तिथे येणाऱ्या दुधाचं माप घ्यायचं, मशीनवर फॅट बघायचं आणि ते वहीत लिहायचं, हे काम त्या अकरा वर्षं करत होत्या. कामावर त्या तात्पुरत्या होत्या, आणि अकरा वर्षं तात्पुरतं राहणं आपल्याकडे कुणाला विचित्र वाटत नाही. पण त्या वर्षी सलग दुसऱ्यांदा पाऊस झाला नाही. लोकांनी जनावरं चारा छावणीवर नेली, काहींनी विकून टाकली. संस्थेत जिथे चाळीस कॅन लागायचे तिथे नऊ-दहा लागू लागले. तालुक्याच्या दूध संघाने ठरवलं, आता प्रत्येक गावी एकच माणूस ठेवायचा, पण कायम ठेवायचा आणि लेखी परीक्षा घेऊन ठेवायचा. साखराबाई पास झाल्या तर मशीन त्यांचं. नाही झाल्या तर दुसऱ्याचं, आणि त्यांनी घरी नवऱ्याच्या शेळ्या राखायच्या.

त्यांच्या गावच्या जागेला दोघांचेच अर्ज होते. दुसरा गहिनीनाथ. हाही माझ्याच क्लासचा, बीएस्सी झालेला, वहीत समास आखून लिहिणारा. पोरगा सरळ होता, त्याच्याविरुद्ध बोलायला काही नाही. त्याच्याच ओळखीने त्या भागातली चौदा-पंधरा पोरं माझ्याकडे येत. जाहिरातीत एक अट होती, गुण सारखे पडले तर जास्त शिकलेल्याला घ्यायचं. साखराबाई बारावी, आणि तीही तेहतिसाव्या वर्षी बाहेरून दिलेली. म्हणजे त्यांना गहिनीनाथपेक्षा एक तरी मार्क जास्त हवा होता.

पेपर पन्नास मार्कांचा, त्यात दहा मार्क माहितीच्या पर्याप्ततेला. हा प्रकार वेगळा असतो. यात उत्तर काढायचं नसतं. प्रश्नाखाली दोन विधानं दिलेली असतात, आणि त्यांच्यावरून उत्तर निघू शकतं की नाही एवढंच सांगायचं असतं. पहिलं विधान एकटं पुरतं, की दुसरं एकटं, की दोन्ही मिळून लागतात, की दोन्ही मिळूनही अपुरीच. पोरांना हे आवडत नाही. उत्तर काढायची सवय लागलेल्या माणसाला मध्येच थांब म्हटलं की तो कावराबावरा होतो.

पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर प्रश्न लिहिला. रांगेत एकूण किती महिला? विधान एक, रमा पुढून सातवी आहे. विधान दोन, रमा मागून नववी आहे. पोरांनी फटाफट हात वर केले. दोन्ही मिळून पुरतात. सात आणि नऊ सोळा, रमा दोनदा मोजली गेली म्हणून एक वजा, पंधरा. साखराबाईंच्या वहीत लिहिलेलं होतं, दोन्ही मिळूनही अपुरी.

"कावून?" मी विचारलं. रागावलो की माझीही भाषा गावाकडे वळते.

"सर, ही कवाची गोष्ट हाय?"

"म्हणजे?"

"पुढून सातवी म्हंजे सातवी, त्येला कुणी हात लावत न्हाई. पण मागून नववी कसं म्हणावं? मागं बाया येतच राहत्यात. मोजून हुईपत्तुर दोन वाढत्यात."

वर्ग हसला. मी त्यांना सांगितलं की ही कागदावरची रांग आहे आणि कागदावर मागून कुणी येत नाही. "बरं," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या प्रश्नालाही तेच उत्तर लिहिलं. त्या प्रश्नात दोघींच्या मध्ये चार जणी होत्या. साखराबाईंचं म्हणणं, चार बाया का चार हंडे ते सांगितलेलं नाही. एकेका घराचे तीन-तीन हंडे असतात.

महिनाभर हेच चाललं. नात्यांचे प्रश्न त्या मी वाचून व्हायच्या आत सोडवत. माझ्या आत्याच्या भावाच्या सुनेची सासू माझी कोण, याला त्यांना कागद लागत नसे. दिशा, वार, तारखा, सगळं चोख. फक्त रांग आली की भोपळा. आणि पर्याप्ततेच्या दहा प्रश्नांत चार-पाच तरी रांगेचेच असतात. मी एक दिवस खडू फेकला आणि म्हणालो, "साखराबाई, तुम्ही परीक्षा देताय की परीक्षा घेणाऱ्याची उलटतपासणी?"

त्यांना राग आला नाही. त्यांनी खडू उचलून टेबलावर ठेवला. "सर, तुमी एक डाव रविवारी आमच्या गावाला या. आधी आमची रांग बघा. मग मला तुमची समजून सांगा."

मला सुट्टीच्या दिवशी घरी राहायचा तसाही कंटाळा आहे, म्हणून गेलो.

पाटोद्याहून जीपने पोचलो तेव्हा दहा वाजले होते. शाळेसमोर टँकरच्या पाण्याची रांग लागलेली होती आणि रांगेत एकही बाई नव्हती. बाया लिंबाखाली सावलीला बसल्या होत्या. रांग भांड्यांची होती. हंडे, घागरी, निळे-पिवळे कॅन, गोडेतेलाचा डबा, एका ठिकाणी रंगाची बादली. पाचव्या जागी नुसती एक वीट होती.

"ही कुणाची?"

"ही बाळंतिणीच्या घरची," साखराबाई म्हणाल्या. "गावात कुणी बाळंतीण असली की तिचा नंबर पाचवा. पयला दिला तर बाया कुरकुर करत्यात, पाचव्याला कुणी काय म्हणत न्हाई."

हा नियम त्यांचाच होता. रांगेचे बाकीचे नियमही त्यांचेच, आणि ते सगळ्यांनी मानले होते. जी बाई दुधात थेंबाचीही हेराफेरी करत नाही ती पाण्यात कशाला करेल, एवढाच लोकांचा हिशेब. मी मात्र माझा हिशेब पक्का करायला निघालो. पुढून मोजलं, साखराबाईंचा हंडा अकरावा. मग रांगेच्या टोकाला चालत गेलो आणि मागून मोजलं, चौदावा. म्हणजे एकूण चोवीस. खात्री म्हणून सगळी भांडी मोजली तर सत्तावीस भरली. मी मोजत होतो तेवढ्यात तीन नवीन येऊन लागली होती. साखराबाई लिंबाखालून बघत होत्या. हसल्या नाहीत, पण पदर तोंडापाशी नेला.

एवढ्यात त्यांचा नवरा सिदू शेळ्या घेऊन त्या बाजूने आला. शेळ्यांना पाण्याचा वास आला की त्यांना रांग कळत नाही. पाच-सहा भांडी लवंडली, एक हंडा गडगडत शाळेच्या पायरीपर्यंत गेला. त्याच वेळी टँकर येऊन उभा राहिला. टँकरवाला सुग्रीव खिडकीतून ओरडला, "काय बे सिदू, शेरडांला पण नंबर लावलास का?" सिदूने शेळ्या हाकलल्या आणि बायकोकडे न बघता निघून गेला.

मग भांडण लागलं. बाकीच्यांनी आपापली भांडी जागेवर लावली, पण भामाबाई आणि केसरबाई दोघींचं म्हणणं, मी पुढे. दोघींचे आवाज चढले. एकीने दुसरीच्या माहेरापर्यंत मजल मारली. टँकरमध्ये पाणी किती आणि ते कितव्या नंबरपर्यंत पुरेल हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हे भांडण उगाच नव्हतं. साखराबाई उठून तिथे गेल्या.

"केसर, तू हंडा ठिवला तवा तुझ्यापुढं कंचं भांडं होतं?"

"कॅन होता, निळा. बिनझाकणाचा."

"बास. भामाबाई, लाव तुझा कॅन."

निळा, बिनझाकणाचा कॅन भामाबाईंचा होता. केसरबाईंच्या ते बोलल्यावर लक्षात आलं. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि हंडा कॅनच्या मागे ठेवला.

मी साखराबाईंना बाजूला घेतलं. "तुम्ही भामाबाईंना काही विचारलंच नाही."

"इचारायचं कावून? एकीच्या बोलण्यातच पुरलं की."

"आणि नंबर का नाही विचारला?"

"सोताचा नंबर इचारला की परतेक जण पुढचाच सांगतंय, सर. पुढचं भांडं इचारलं की खरं बोलत्यात. त्यांला वाटतं, ह्यात आपलं काय जातंय."

मी उन्हात उभा होतो आणि मला कळेना, हसावं की काय करावं. महिनाभर घसा कोरडा करून जे शिकवत होतो ते ही बाई रोज सकाळी शाळेसमोर करत होती. केवळ विधान एक पुरेसं. दुसऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही. माझा सगळ्यात हुशार विद्यार्थीही दुसरं विधान वाचल्याशिवाय राहत नाही.

मग अडत होतं कुठे? ते संध्याकाळी दूध संस्थेत कळलं. सहाला दूध घ्यायला सुरुवात झाली. कॅन, किटल्या, तांबे रांगेत लागले. बरोबर साडेसातला साखराबाईंनी शटर खाली ओढलं. आत आहे ते आत, बाहेर आहे ते सकाळी. एकदा चेअरमनसाहेबांची किटली दोन मिनिटं उशिरा आली होती तीही परत गेली, असं तिथल्या म्हाताऱ्या आश्रुबांनी मला दोनदा सांगितलं. आत रांगेतल्या एका पितळी किटलीकडे मी बोट दाखवलं.

"ही पुढून तिसरी. मागून सातवी. एकूण किती?"

"नऊ," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"आता कसं पुरलं? सकाळी तर पुरत नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बारावी बाहेरून दिली आहे. "शटर खाली हाय न्हवं. आता मागं कोण येतंय?"

मी टाळी वाजवायचाच राहिलो होतो. "साखराबाई, पेपरातल्या प्रत्येक रांगेचं शटर खाली असतं. एवढं धरून चाला."

त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. हातातली नळी मशीनला लावली, आकडा वाचला, वहीत लिहिला. "मग असं आधी सांगायचं न्हाई का, सर," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून रांगेत दहापैकी दहा. मी इतका खूश झालो की ते वाक्य वर्गात उचललं. कुणीही जास्तीची शंका काढली की मी म्हणायचो, शटर खाली. पोरं हसायची आणि शंका तिथेच मरायची. शिकवणाऱ्या माणसाला यापेक्षा सोयीचं हत्यार मिळत नाही.

ते हत्यार मी एकदा साखराबाईंवरही चालवलं. माझ्या पुस्तकाचं पान चौसष्ट. एक बाई पुढून अमुकवी, दुसरी मागून तमुकवी, दोघींच्या मध्ये इतक्या जणी, तर एकूण किती? त्याला मी सूत्र दिलं होतं. पुढची अधिक मधल्या अधिक मागची. खाली ठळक अक्षरात छापलं होतं, डोळे झाकून बेरीज करा. हे सूत्र मी वर्गाकडून मोठ्याने म्हणवून घेतो. त्या दिवशी सगळे म्हणत असताना साखराबाईंनी हात वर केला. मी म्हणालो, "शटर खाली." त्यांनी हात खाली घेतला.

परीक्षा झाली. पेपर बघितला तर पान चौसष्टवरचा माझाच प्रश्न, फक्त नावं बदललेली. एकूण किती महिला? विधान एक, ललिता पुढून बारावी आणि सुमन मागून पंधरावी. विधान दोन, दोघींच्या मध्ये तीन महिला. पेपर काढणाऱ्याने माझं पुस्तक वापरलं या आनंदात मी वर्गाला पेढे वाटले. साखराबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या.

बुधवारी संघाच्या बोर्डावर उत्तरतालिका आणि तात्पुरते गुण लागले. गहिनीनाथ बेचाळीस, साखराबाई एक्केचाळीस. आक्षेप असल्यास सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत, पुराव्यासह. गुरुवारी सकाळी साखराबाई क्लासच्या दारात. हातात पेपर होता.

"सर, ह्या ललिता-सुमनच्या परश्नाला मी अपुरी लिवलं. त्यांनी दोन्ही मिळून पुरतात असं दिलंय."

मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. "साखराबाई, पुन्हा तेच? बारा, तीन, पंधरा. तीस. शटर खाली आहे, मागून कुणी आलेलं नाही."

"शटर खालीच हाय," त्या म्हणाल्या. "जरा बाहीर येता का?"

क्लासच्या बाहेर गॅलरीत पोरांच्या चपला असतात. साखराबाई खाली बसल्या आणि एकेक चप्पल उचलून सरळ रांग लावू लागल्या. बावीस चपला. वर्गातली पोरं दाराशी जमली. "मोजा सर. पुढून बारावी." मी मोजली, गहिनीनाथचा बूट होता. "आता मागून पंधरावी मोजा." मागून मोजत आलो. एक, दोन, पाच, दहा. गहिनीनाथचा बूट मागे टाकून पुढे गेलो. पंधरावी एक लाल पट्ट्याची चप्पल आली. "आता दोन्हीच्या मधी किती?"

तीन.

मी पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा मोजलं. पुढून बारावी, मागून पंधरावी, मध्ये तीन, आणि एकूण बावीस.

"मागून पंधरावी हाय म्हणून ती मागंच हाय असं कुठं लिवलंय?" साखराबाई म्हणाल्या. "ती पुढं बी असू शकती. पुढं असली तर बावीस, मागं असली तर तीस. मग पुरलं कुठं?"

नऊ वर्षं मी ते सूत्र म्हणवून घेत होतो. पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या. आणि चुकीचं उत्तर पोरांच्या चपलांमध्ये माझ्यासमोर पडलं होतं. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर लाजेहून राग जास्त आला, आणि तो चुकीवर नाही, चूक दाखवणाऱ्या बाईवर आला. मी म्हणालो, "पाहू. सोमवारी या."

चार दिवस मी दुसरी पुस्तकं धुंडाळली. पुरावा कुठून तरी दुसरीकडून मिळाला तर माझं नाव यायला नको, एवढाच हेतू. पण बाजारातल्या सगळ्या गाईडांत हेच सूत्र होतं. काहींनी ते माझ्या पुस्तकातून उचललेलं होतं, आणि मी ते एका जुन्या गाईडातून उचललं होतं. बायकोने विचारलं, काय शोधताय, तर म्हणालो, काही नाही. ती म्हणाली, मग एवढं चिडून कशाला शोधताय. मी पुस्तक मिटलं.

सोमवारी दुपारी दोनला साखराबाई आल्या. मी म्हणालो, "विद्यापीठातल्या कुणाचा तरी सल्ला घ्यावा लागेल, वेळ लागेल." त्या लगेच उठल्या नाहीत.

"सर, अकरा वर्सं मी लोकांच्या दुधाला फॅट लावते. मशीन चुकतं कवा कवा. चुकलं की मी त्या माणसाला तिथंच सांगते, तुझं दूध बरोबर हाय, मशीन चुकलंय. न सांगता दाबलं तर कुणाला कळणार न्हाई. पण लोक तेवढ्यासाठीच माझ्याकडं दूध घालत्यात." मग म्हणाल्या, "मला ते मशीन पायजे, सर. माझं हाय ते."

त्यांनी विनवणी केली नाही, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. केलं असतं तर मला टाळता आलं असतं. मी लेटरहेड काढलं आणि लिहिलं की माझ्या पुस्तकाच्या पान चौसष्टवर मुद्रणदोषामुळे अपुरी पद्धत छापली गेली असून प्रस्तुत प्रश्नाची बावीस आणि तीस अशी दोन उत्तरं संभवतात, सबब दिलेली माहिती अपुरी आहे. सही केली, शिक्का मारला. साखराबाईंनी कागद बोट ठेवून सावकाश वाचला. एका शब्दावर बोट थांबलं.

"सर, हे छापणाऱ्याचं न्हाई."

मी पेनाला टोपण लावलं.

"छापणारा गरीब माणूस असंल," त्या म्हणाल्या. "त्येच्यावर कावून?"

मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात लिहिलं, माझी चूक आहे. पहिली ओळ जड गेली, मग सरळ लिहून झालं. सव्वातीनला त्या जिना उतरून गेल्या.

पंधरा दिवसांनी संघाने उत्तर बदललं. साखराबाई बेचाळीस, गहिनीनाथ एक्केचाळीस. साखराबाईंचा फोन आला तेव्हा मला खरंच आनंद झाला. तो आनंद दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला, कारण सकाळी गहिनीनाथ आला.

तो ओरडला नाही. त्याने पुस्तक उघडून पान चौसष्ट माझ्यासमोर ठेवलं. "डोळे झाकून बेरीज करा, असं तुम्हीच लिहिलंय, सर. मी डोळे झाकले." एवढंच बोलला. चूक माझी होती, असं मी त्याला सरळ सांगितलं. त्याच्यामागोमाग त्या भागातली पोरं क्लासमधून गेली. गहिनीनाथला मात्र मी सोडलं नाही. पुढचे काही महिने त्याला घरी बोलावून शिकवलं, आणि तो दुसऱ्या परीक्षेत चांगल्या जागी लागला. आता भेटला की नमस्कार करतो, पण वहीत समास आखून मी सांगेन ते लिहून घेणारा तो राहिला नाही. प्रत्येक वाक्याला विचारतो, कशावरून?

पुढच्या पावसाळ्यानंतर पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघाली. पान चौसष्ट नवीन लिहिलं होतं, चपलांच्या रांगेसकट. एक प्रत साखराबाईंना स्वतः नेऊन द्यायची असं मी ठरवलं. पाऊस बरा झाला होता, संस्थेत पुन्हा वीस-बावीस कॅन लागत होते. बायको म्हणाली, जाताय तर तिकडचं म्हशीचं दूध घेऊन या, आणि तिने हातात बरणी दिली.

जीप वाटेत दोनदा थांबली. पोचलो तेव्हा शटर खाली आलेलं होतं. साखराबाई बाजूच्या दाराने बाहेर आल्या, पदराला हात पुसत. गळ्यात संघाचं ओळखपत्र होतं. त्यांनी पुस्तक घेतलं, उभ्याउभ्याच पान चौसष्ट काढलं आणि बोट ठेवून वाचलं.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. मग पुस्तक मिटून माझ्याकडे बघत राहिल्या. "पर आधीच बरोबर असतं तर माझा नंबर लागला नसता, सर."

"का?"

"मग गहिनीनाथनं बी अपुरी लिवलं असतं. दोघाला बी बेचाळीस. अन् सारख्यात जास्त शिकलेला पुढं."

मी तिथेच उभा राहून मनात मोजलं. बेचाळीस, बेचाळीस. बाईंचं बरोबर होतं. वर्षभर मी मनाशी म्हणत होतो की माझ्या चुकीने त्यांची नोकरी जाता जाता राहिली, आणि माझ्या पत्राने ती वाचली. प्रत्यक्षात त्यांना जी मिळाली ती माझ्या चुकीमुळेच, आणि गहिनीनाथची गेली तीही त्याच चुकीमुळे. हे त्यांनी कधीच मोजून ठेवलं होतं. निकाल लागला त्याच दिवशी मोजलं असणार.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी इचारलं न्हाई," त्या म्हणाल्या. आणि मग, पहिल्यांदाच जरा खालच्या आवाजात, "पोराला जागा लागली हे ऐकलं तवा मला नीट झोप आली."

मग मला बरणीची आठवण झाली. मी ती पुढे केली.

साखराबाईंनी बरणीकडे बघितलं, मग दारातून आतल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे. सात पस्तीस.

"सकाळी या, सर," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.